मास्तरांचं रक्त

डेंटरने बायकोचं मनगट मोडलं ते एका झाकणापायी. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, त्याला उघडेना. ती म्हणाली, "आणा इकडे, मी उघडते." बस्स, एवढंच. बोलण्यात टोमणा नव्हता की हसू नव्हतं. पण त्याने डबा भिंतीवर भिरकावला आणि तिचा पुढे आलेला हात धरून असा पिरगळला की आत कट्‌ आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. ती ओरडली नाही. तोंड उघडून नुसती उभी राहिली, जणू आवाज कुठून काढायचा हेच विसरली. मुलगी दारात होती. तीही रडली नाही. खाली बसली आणि सांडलेले दाणे वेचायला लागली, कारण घरात मोठा आवाज झाला की नंतर काहीतरी वेचायचं असतं, हे तिला पाय फुटल्यापासून ठाऊक होतं.

राग कुणाला येत नाही? देवाने माणूस घडवला तेव्हा चिमूटभर राग सगळ्यांच्याच पिठात टाकला. पण कुणाच्या हातून चिमटीऐवजी मूठ पडली, तर त्या घराचं काय होतं, ते त्या घरालाच विचारावं.

आणि डेंटर काही टाकाऊ माणूस नव्हता. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा त्या भागात दुसरा नव्हता. दुमडलेला दरवाजा तो मांडीवर घ्यायचा, आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा लावायचा आणि वरून हातोडी अशी हलके हलके चालवायचा की बाळाला थोपटतोय असं वाटावं. "पत्र्यावर कधी रागाने मारू नये," तो गॅरेजमधल्या माणसांना सांगायचा. "पत्रा ताणला जातो. एकदा ताणला गेला की जन्मात जागेवर येत नाही." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण काय उगाच पडली?

प्लास्टर घालताना बायकोने डॉक्टरला "न्हाणीघरात पाय घसरला" म्हणून सांगितलं. डॉक्टरने डेंटरकडे एकदा पाहिलं आणि तो पट्टी गुंडाळत राहिला. 

घरी आले तर मामा येऊन बसला होता. मामा म्हणजे डेंटरच्या आईचा धाकटा भाऊ. गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. त्याने भाचेसुनेचा गळ्यात बांधलेला हात पाहिला, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि तो डेंटरवर उखडला.

"शाबास, भाचेबुवा! बापाचं नाव राखलंत. मास्तर वरून बघत असतील तर टाळ्या वाजवत असतील."

"मामा, तोंड आवर."

"का? माझंही मनगट आहे, ते मोडशील? मोड. तसंही म्हाताऱ्याच्या हाताला काम काय?" मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाचा हा नुसता स्वभाव नव्हता, म्हणत होता तो त्या वेळचा डॉक्टर. मेंदूचा काहीतरी आजार असेल म्हणाला. घराण्यातून उतरणारा. म्हणून तर त्यांचं रक्त ठेवून घेतलं ना."

"कुठे ठेवलं?" डेंटरने विचारलं.

"दवाखान्यात! नमुना म्हणून. तेव्हा तपासायची सोय नव्हती. पुढे कधी निघाली तर पोराबाळांच्या कामी येईल म्हणाले. आता आपल्या घराण्यात नमुन्यांची काही कमी नाही, पण कपाटात बंद करून ठेवलेला तुझा बाप एकटाच." मामा बहिणीकडे वळला. "ताई, तू सांगितलं नाहीस याला कधी?"

आई कोपऱ्यात शर्टाला काजं करत बसली होती. बोलताना ओठांवर हात धरायची तिची जुनी सवय. "कशाला सांगायचं," ती हाताआडून म्हणाली. "मेलेल्या माणसाचं काय उकरायचं?" आणि दोरा दातांनी न तोडता कात्रीने कापला.

मास्तर म्हणजे डेंटरचा बाप, टेलरमास्तर. त्यांच्या हातचा कोट घातला की कुबड आलेला माणूसही ताठ दिसायचा, असं लोक म्हणायचे. मग त्यांचा हात हिसके द्यायला लागला. शिलाई वाकडी जायला लागली, खांदे उडायला लागले, आणि जसजशी शिलाई वाकडी गेली तसतसं घर फाटत गेलं. डेंटरच्या खांद्यावर अजून त्रिकोणी डाग होता. तापलेल्या इस्त्रीचं टोक टेकवलेलं. गुन्हा काय, तर रीळ हातातून पडून घरंगळलं. शेवटी मास्तर भर रस्त्यात तोल जाऊन ट्रकखाली गेले, तेव्हा घरातलं कुणी रडलं नाही. शेजारणींनी ते लक्षात ठेवलं.

डेंटरला मात्र मामाचं बोलणं लागलं. म्हणजे तलवारीसारखं नव्हे, औषधासारखं लागलं. आजार! इतकी वर्षं तो स्वतःला आतल्या आत शिव्या घालत होता. हात उचलायचा, मग गॅरेजात जाऊन गाडीखाली आडवा पडायचा आणि रडायचा. आणि हा राग त्याचा नव्हताच की काय? बापाकडून उतरलेला, रक्तातून आलेला, त्याला न विचारता आलेला?

त्याच दवाखान्यातली मेंदूच्या आजारांची डॉक्टरबाई शांत होती. तिने त्याला सरळ रेषेत चालवलं, बोट नाकाला लावायला लावलं, पापणीची फडफड पाहिली.

"असू शकतं," ती म्हणाली. "नसूही शकतं. घराण्यातून येणारे असे आजार एक का दोन आहेत? नेमका दोष कुठला, ते आधी आजारी माणसाच्या रक्तात सापडावं लागतं. सापडला, की तेवढाच तुमच्यात बघायचा. मग आहे की नाही, सरळ उत्तर मिळेल. म्हणून वडलांचा नमुना लाखमोलाचा आहे."

"इतक्या वर्षांनी टिकला असेल?"

"जाड टीपकागदावर रक्ताचे ठिपके घेऊन वाळवलेत. कोरडं, थंड ठेवलं की टिकतं. पण ज्यांनी तो ठेवला त्यांच्या सहीशिवाय आम्ही हात लावत नाही. तुमच्या आईंची सही आणा."

बायको शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर जिन्यात ती थांबली.

"मी एक सांगते, ते नीट ऐका," ती म्हणाली. "आजार निघाला तर मी कुठे जायची नाही. औषध देईन, घास भरवीन, खुर्चीत बसवून फिरवीन. वर मार खाल्ला तरी म्हणेन, हे नाहीत, आजार मारतोय. पण आजार निघाला नाही, तर पोरीला घेऊन जाईन. मग मागे येऊ नका."

"निघेल," डेंटर म्हणाला. "निघणारच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. जग देवाकडे आजार टळू दे म्हणून हात जोडतं. हा बाबा मरणाचा आजार पदरात पडू दे म्हणून देव पाण्यात घालायला निघाला होता.

पण आई सही करेना.

आधी म्हणाली, डोळ्यांना दिसत नाही. मग म्हणाली, हात थरथरतो. मग म्हणाली, "राहू दे रे ते तसंच. काही निघायचं नाही त्यातून."

"तुला काय माहीत, काय निघेल ते?"

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? बोल ना!"

आई खाली मान घालून काज टाचत राहिली. सुई वर, सुई खाली. ती सुई पाहून डेंटरच्या कानशिलात काहीतरी पेटलं. त्याने शर्ट हिसकावून टर्रकन फाडला. फळीवरची भांडी एका हाताने झाडून खाली पाडली. तवा उचलून ओट्यावर आपटला, पुन्हा आपटला, कडाप्प्याचा टवका उडून त्याच्याच भुवईत घुसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. लाल दिसायला लागल्यावर तर त्याला चेवच आला.

"बापाला वाचवतेयस? मेलेल्या बापाची अब्रू राखतेस आणि जित्या पोराचा संसार मोडतेस?"

"माझं ऐक रे बाळा..."

"सही कर!"

त्याने तिला खांद्यांना धरून उठवलं. तिचं वजन ते काय, वाळत घातलेल्या लुगड्याएवढं. त्याने तिला गदगदा हलवलं आणि भिंतीवर आपटलं. डोकं मागे आदळलं. तोंडातली कवळी निसटून फरशीवर पडली, टक्‌ करून. आई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं. डोकं नाही, तोंड. 

"दे," ती हातांआडून म्हणाली. "दे तो कागद. सही करते."

सही मिळाली. जगात अशा किती सह्या होत असतील, देवच जाणे. तो तिला उठवायला वाकला, तर तिने अंग चोरून घेतलं. मग तो कागदाची घडी करून खिशात घालून बाहेर पडला. दारात बायको मुलीचं डोकं आपल्या कुशीत दाबून उभी होती. "आजारच आहे बघ," तो म्हणाला. "नाहीतर कुणी आईला असं करतं का?"

नमुना तपासायला गेला, आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस त्या घराने कधी पाहिले नव्हते असे सुखाचे गेले. माणसाला एकदा आपल्या पापाचा दुसरा धनी सापडला की तो किती हलका होतो! डेंटर गॅरेजात गाणी म्हणू लागला. मुलीची वेणी घालायला शिकला. बायकोच्या प्लास्टरबाहेरच्या बोटांना तेल लावून देऊ लागला. चहाचा कप हातातून पडला की चेहरा पाडण्याऐवजी खूश व्हायचा. "बघितलंस? हात हिसकला. मास्तरांचं असंच सुरू झालं होतं."

मामाने ते एकदा पाहिलं. "भाचेबुवा, चांगल्या कपाने कशाला नाटक करता? फुटका घ्या."

"नाटक नाही, मामा. खरंच हिसकला."

"मग काल पैलवानासारखं आख्खं बॉनेट एकट्याने उचललंत, तेव्हा कुठे गेला होता हिसका? जेवायला?"

बायकोला हसू आलं. डेंटरही हसला. त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही की आई सहीच्या दिवसापासून त्याच्या समोर बसून जेवत नव्हती.

निकालाच्या दिवशी चौघंही गेले. डॉक्टरबाईने दार लावून घेतलं.

"तपासणी झाली," ती म्हणाली. "पण नमुना वडलांचा नाही. हे रक्त बाईचं आहे."

"बाईचं?" मामा उडालाच. "अहो, मास्तरांच्या मिशा मी या डोळ्यांनी पाहिल्यात!"

"त्यात दुसऱ्या कुणाचा अंश आहे, पण इतका पुसट की काही वाचता येत नाही. वडलांचं आणखी काही जपून ठेवलंय का? दात, केस, काहीही?"

"सगळं जाळलं," डेंटर म्हणाला. तो उभा राहिला होता. "म्हणजे तुम्ही अदलाबदल केलीत. माझ्या बापाचं रक्त फेकलंत आणि कुणा बाईचं ठेवलंत."

"असं होत नसतं. आपण चौकशी..."

पण तो दारातून गेलाही होता.

नमुन्यांची खोली तळमजल्यावर होती. तिथे बाराही महिने थंडी. कपाटांची घरघर अखंड चालू. तिथला माणूस भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसायचा. सगळे त्याला नमुनेवाला म्हणत. तो पाकिटं लावत होता. दार आदळलं तसा त्याने चष्मा वर केला.

"माझ्या बापाचं रक्त कुठे आहे?"

"कोण तुमचे..."

"कुठे टाकलंस ते?"

"अहो साहेब, पाकीट इथे बंद येतं, बंदच राहतं. आम्ही उघडत सुद्धा..."

पहिला ठोसा नाकावर बसला. चष्म्याचे दोन तुकडे झाले. नमुनेवाला खुर्चीसकट मागे गेला आणि उठायच्या आत डेंटरने त्याला स्वेटरला धरून वर ओढलं आणि दुसरा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला. तिसरा मारला तेव्हा समोर माणूस नव्हताच. फक्त काहीतरी मऊ, ओलं, हात लागेल तिथे दबणारं. आयुष्यभर लोखंड ठोकलेल्या हाताचे ते ठोसे. नमुनेवाला हात पुढे करून काहीतरी म्हणत होता, पण तोंडात रक्त भरल्यामुळे नुसते बुडबुडे येत होते. त्याला सोडून डेंटरने लोखंडी मांडणी खांद्याने लोटली. ती कलली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि कोसळली. पाकिटं फरशीवर पसरली. कुणाकुणाची आई, कुणाचा दगावलेला भाऊ, कुणाचं पाळण्यातच गेलेलं लेकरू. कधीतरी काही कळेल या आशेवर लोकांनी ठेवलेली माणसं. तो त्यांच्यावर बूट घालून उभा होता आणि वाकून बापाला शोधत होता.

पहारेकऱ्याने मागून येऊन त्याच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. मामाने एक दंड धरला. त्याने मामाला झटकून टाकलं. मामा मांडणीवर जाऊन आपटला, कपाळ फुटलं. डेंटरने नमुनेवाल्यावर पुन्हा हात उगारला. तोवर दारात बायको आणि आई आल्या होत्या.

"त्याला मारू नकोस," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं रक्त इथे कधी आलंच नव्हतं. ते माझं आहे."

डेंटरचा हात वरच राहिला.

"मुठीवरनं घेतलं ना त्यांच्या," आई म्हणाली. तिने ओठांवरचा हात काढला होता. तिचं तोंड तसं उघडं कुणी बघितलंच नव्हतं. वरच्या ओठातून एक जुनी, पांढरी पडलेली शिवण गेलेली होती. "ती मूठ इथे बसली होती. माझे दोन दात त्यांच्या बोटांत रुतून तुटले. तोंड भरून रक्त. तेच मुठीवर होतं."

कपाळावर रुमाल दाबून मामा उठला. "ताई, काय बोलतेस? कपाटाची काच लागली होती ना त्यांना? मी घरी आलो तेव्हा काच सगळीकडे..."

"काच मी फोडली. नंतर. तू येतोयस म्हणून कळलं तेव्हा."

मामाचं तोंड उघडं राहिलं. आई त्याच्याकडे वळली.

"तूच आम्हांला इथे आणलंस, आठवतं? डॉक्टरने त्यांचे हिसके बघितले आणि म्हणाला, रक्त ठेवू या. आयुष्यभर सुईवर पोट भरलेला माणूस, पण डॉक्टरची सुई बघून त्यांनी ताटली भिरकावली. मग तिथल्या बिचाऱ्याने घाबरत घाबरत कागद घेतला आणि मुठीवर दाबला. म्हणाला, आयतं रक्त आहे, कशाला टोचायचं. मी समोरच उभी. दिसत होतं मला. सांगावंसं वाटलं. पण सांगायचं तर तोंडावरचा पदर काढायला लागला असता. लाज मला वाटत होती. त्यांना नाही, मला. आणि घरी परत त्यांच्याबरोबरच जायचं होतं."

"मग सही कशाला केलीस?" डेंटरचा आवाज फाटला. "काही निघणार नाही माहीत होतं, तर सही कशाला केलीस?"

"तू भिंतीवर आपटलंस म्हणून."

खाली बसलेला नमुनेवाला घरघरत श्वास घेत होता. मागोमाग धावत आलेली डॉक्टरबाई त्याच्या नाकावर बोळा धरून गुडघ्यांवर बसली होती.

"बाई," डेंटर तिच्याकडे वळला, "आता कसं कळेल? माझ्यात आजार आहे की नाही?"

"तुमच्याच रक्तात शोधता येईल," ती वर न बघता म्हणाली. "सापडलं तर सापडलं. नाही सापडलं, तर नाही असं छातीठोक सांगता येणार नाही. कदाचित पुढे कधी कळेल. कदाचित तुमच्या मुलीच्या वेळेला."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचा प्लास्टरमधला हात तिने दुसऱ्या हातात धरला होता.

"थांब," तो म्हणाला. "अजून ठरलेलं नाही. नाही असं आलेलं नाही ना. थांब तोवर."

"मीच चुकले," ती म्हणाली. "चुकीची अट घातली मी. समजा मास्तरांना आजारच होता. मोठ्यातला मोठा. तरी आईंचे दात तुटायचे ते तुटलेच ना?" तिने प्लास्टरचा हात पोटाशी घेतला. "तुम्हांला आजार असला तर देव तुम्हांला औषध देवो. मनापासून मागेन मी. पण लांबून मागेन."

तो तिच्या दिशेने एक पाऊल गेला. पहारेकऱ्याने हाताची पकड घट्ट केली, पण गरज नव्हती. बायको आधीच मागे सरली होती, आणि तिच्या पुढे आई येऊन उभी राहिली होती. दीड हाताची बाई, तोंडात कवळी, डोक्यामागे अजून टेंगूळ. पोराच्या आणि सुनेच्या मध्ये नुसती उभी राहिली, मास्तरांच्या आणि आपल्या मध्ये कुणी उभं राहिलं नव्हतं तशी.

पोलिसांनी त्याला नेलं. जामीन मामाने दिला, कपाळाला टाके घेऊन. "तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "ताई म्हणाली म्हणून." आई सून आणि नातीबरोबर सुनेच्या बहिणीकडे गेली. जाताना शिलाई मशीनसुद्धा नेलं. घरात डेंटर एकटा. दाणा सांडला तरी वेचायला कुणी नाही.

रिकाम्या घरात तो बरेच दिवस नुसता बसून होता. गॅरेजात गेला तर हातोडी उचलवेना. मग एका सकाळी तो उठला, दाढी केली, आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईच्या दारात उभा राहिला. त्याला स्वतःचं रक्त ठेवायचं होतं.

"तपासायचं नाही?" तिने विचारलं.

"तुम्ही तपासा, नाहीतर नका तपासू. मला सांगू नका. मुलीच्या नावाने ठेवा. मोठी झाल्यावर तिला लागलं तर तिचा बाप तिला सापडला पाहिजे." तो थांबला. "नुसता बाप. दुसऱ्या कुणाचा थेंब त्यात नको."

तळमजल्यावरची मांडणी पुन्हा उभी केलेली होती, एका बाजूला किंचित वाकलेली. नमुनेवाल्याच्या नाकाला मधेच बाक आला होता. त्याने डेंटरला पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"तक्रार मी मागे घेतलेली नाही," तो म्हणाला. "घेणारही नाही."

"नका घेऊ."

"तुम्ही तुडवलेल्या पाकिटांपैकी काही फुकट गेली. त्या लोकांना मीच कळवलं. एक म्हातारी इथे बसून रडली."

डेंटर खुर्चीवर बसला आणि त्याने शर्टाची बाही वर केली. नमुनेवाल्याने दंडाला रबराची पट्टी बांधली. त्याची बोटं बर्फासारखी गार. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाने पुसलं. शीर दिसेना.

"मूठ आवळा," तो सवयीने म्हणाला.

डेंटरने मूठ आवळली.

नमुनेवाला झटकन मागे सरला. पाठ मांडणीला लागली, पाकिटं सळसळली. सुई एका हातात वर धरलेली, दुसरा हात चेहऱ्यापुढे. त्याचं त्यालाच कळलं आणि ओशाळून त्याने तो हात खाली घेतला, पण पुढे आला नाही.

डेंटर टेबलावर ठेवलेल्या आपल्या मुठीकडे बघत राहिला. शीर वर आली होती, निळी, फुगलेली. आजवर ती मूठ त्याने नेहमी मागच्या बाजूने पाहिली होती. समोरून ती कशी दिसते, ते या खोलीत एकट्या नमुनेवाल्याला माहीत होतं.

"या तुम्ही," तो म्हणाला. "मी हलत नाही."

नमुनेवाला तिथेच उभा होता. डेंटरने दुसरा हात मांडीखाली घातला, त्यावर बसला, आणि त्याची वाट पाहत राहिला.